हॉर्टेन्सियसचा हौज आणि धाराशिवची टाकी

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा धाराशिवला राहतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "मामू, घरात खाऱ्या पाण्याची फिशटँक लावली होती. एका दुकानदाराने सहा मासे एकदम दिले. म्हणाला, सगळे मिळून-मिसळून राहतात. आठ दिवसांत एकच उरला, आणि नंतर तोही गेला. तुम्ही जुन्या किताबी वाचता. कुठला मासा कुणाबरोबर ठेवावा, हे त्यात कुठे लिहिलंय का?"

त्याने अर्धवट चेष्टेत विचारलं होतं. मी विचारलं, मासे कुठले होते? एक लायन फिश आणि पाच डॅमसेल. मग पुढचं सांगायची गरज नव्हती. लायन फिश दिसायला नवरदेवासारखा, पण तोंडात मावेल तो प्रत्येक मासा त्याचं जेवण. ते पाच डॅमसेल त्याने दावतीसारखे संपवले. यात माशाचा कसूर काहीच नाही.

पण भाच्याचा सवाल डोक्यात राहिला. धाराशिव म्हणजे समुद्रापासून तीनशे किलोमीटरच्या पुढे. खाऱ्या पाण्याच्या माशांचा इतिहास शोधायचा तर कोकणात जावं, मुंबईला जावं. तरी मी सुरुवात केली ती धाराशिवपासून अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या तेरपासून.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची वाटवही लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, आणि तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला येतं, असं त्यात नोंदलेलं आहे. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने 1901 मध्ये मांडलं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी मूर्ती 1938 मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईच्या राखेत सापडली. ती तेरहून गेली की भोकरदनहून, यावर विद्वानांचा वाद आहे. मराठवाड्यातल्या गावांनी तो आपसात मिटवावा.

मला त्या मूर्तीपेक्षा ती जिथे सापडली त्या जागेत जास्त रस होता. पाँपेई नेपल्सच्या उपसागराकाठी आहे. त्याच किनारपट्टीवर रोमच्या श्रीमंतांचे बंगले होते, आणि त्या बंगल्यांना समुद्राचं पाणी आत घेतलेले माशांचे हौज होते. म्हणजे आपल्याकडचं कापड ज्यांच्या अंगावर पडत होतं, तीच माणसं जगातले पहिले नामांकित खाऱ्या पाण्याचे शौकीन होती. मासे खायला पाळणारे लोक त्याआधीही होते. हे लोक मासे पाळायचे आणि खायला मात्र बाजारातून आणायचे.

हॉर्टेन्सियस नावाचा मोठा वकील होता, सिसेरोच्या तोडीचा. त्याच्याविषयी व्हॅरो या लेखकाने इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास शेतीवरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. व्हॅरो म्हणतो, माशांचे हौज दोन तऱ्हेचे. गोड्या पाण्याचा हौज साध्या माणसाचा, त्यातून चार पैसे मिळतात. खाऱ्या पाण्याचा हौज बड्या लोकांचा, तो डोळे भरतो आणि बटवा रिकामा करतो. बांधायला पैसा, भरायला पैसा, माशांना चारायला पैसा. दोन हजार वर्षं झाली, पण खाऱ्या पाण्याची टाकी लावणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

भाच्याच्या सवालाचा जवाबही व्हॅरोकडे आहे. तो म्हणतो, चित्रकाराच्या पेटीत जसे वेगवेगळ्या रंगांचे वेगवेगळे कप्पे असतात, तसे हे लोक हौजात कप्पे पाडतात आणि प्रत्येक जातीचा मासा निराळा ठेवतात. म्हणजे कोण कुणाबरोबर राहील हा सवाल त्यांना पडला होता, आणि त्यांनी तो भिंत घालून सोडवला. हिरियस नावाच्या एकाने तर समुद्री वामेसाठीच वेगळा हौज काढला होता.

या वामेचं वेड भलतंच होतं. हॉर्टेन्सियस आपली लाडकी वाम मेली तेव्हा रडला, असं प्लिनी लिहितो. अँटोनिया नावाच्या राजघराण्यातल्या बाईने आपल्या वामेला कानातली डुलं घातली होती. (हसू नका. आपल्याकडे नूरजहाँने काश्मीरमध्ये वेरिनागच्या कुंडातल्या माशांना सोन्याच्या कड्या घातल्या होत्या, असं फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो. शौक कुणा एका कौमची मिरास नाही.) लुकुलसने आपल्या हौजांना समुद्राचं पाणी मिळावं म्हणून डोंगर फोडला, आणि त्याला बंगल्यापेक्षा जास्त खर्च आला.

पण सगळ्यात कामाचा माणूस कोलुमेला. हा पहिल्या शतकातला, म्हणजे पेरिप्लसवाल्याचा समकालीन. इकडे तेरचं कापड गाड्यांवर चढत होतं, तेव्हा तिकडे हा माणूस समुद्री मासे कसे ठेवावेत ते लिहीत होता. त्याची पहिली सूचना अशी की मासा आपल्या आवडीने निवडू नका, जागेच्या स्वभावाने निवडा. किनारा चिखलाचा असेल तर तळाला चिकटून राहणारे चपटे मासे ठेवा, खडकाळ असेल तर खडकात राहणारे. दुसरी, हौजात कपारी आणि बिळं ठेवा म्हणजे माशांना उन्हापासून आणि एकमेकांपासून लपता येईल. तिसरी, जुनं पाणी बाहेर जाऊन नवं आत येत राहील अशी रचना करा, कारण थांबलेलं पाणी मासे मारतं. चौथी सूचना वामेबद्दल. तिला दुसऱ्या जातीच्या माशांत मिसळू नका, कारण कुत्र्यासारखी ती कधी पिसाळते आणि मग खवल्यांच्या माशांचा फडशा पाडते.

पिसाळण्याची गोष्ट खरी नाही. वाम भुकेने खाते. बाकी चारही सूचना मी भाच्याला जशाच्या तशा सांगितल्या. आजचे जाणकार यापेक्षा फार वेगळं सांगत नाहीत, फक्त तपशील वाढलेत.

हे तपशील इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येतील. लायन फिश, हेकरू, ट्रिगर, मोठी वाम हे शिकारी. त्यांच्याबरोबर लहान मासा किंवा कोळंबी ठेवायचीच नाही. डॅमसेल स्वस्त आणि काटक म्हणून दुकानदार पहिल्यांदा तेच गळ्यात मारतात. पण तो आपल्या कोपऱ्याचा मालक होऊन बसतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला हाकलतो. म्हणून क्रम उलटा हवा. गरीब स्वभावाचे मासे आधी, भांडखोर सगळ्यात शेवटी, आणि तेही घ्यायचेच असतील तर. एकाच आकाराचे, एकाच रंगाचे, एकच खाणारे दोन मासे छोट्या टाकीत भांडतात. टँग नावाचा सुंदर मासा दिवसभर पोहत असतो, त्याला दोनशे लिटर म्हणजे कोठडी. मँडरिन दुकानात बघून कुणीही भुलतो, पण तो जवळजवळ फक्त बारीक जिवंत कवचधारी जीव खातो. नव्या टाकीत ते नसतात, त्यामुळे तो हळूहळू उपाशी मरतो, आणि मालकाला वाटतं त्याला बिमारी झाली.

क्लाउन फिशची गोष्ट वेगळी. ते सगळे जन्माने नर असतात आणि जोडीतला थोर असतो तो मादी होतो. म्हणून एकाच टाकीत वाढलेले, लहान-मोठे असे दोन घेतले की जोडी जमते. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर एक मरेपर्यंत भांडण. गोबी आणि पिस्तूल कोळंबीची जोडी तर डोळ्यांनी बघण्यासारखी. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती बीळ उत्तम खणते. गोबीला खणता येत नाही, पण त्याची नजर तेज. कोळंबी आपली मिशी माशाच्या अंगाला लावून काम करते आणि त्याची शेपटी थरथरली की दोघं बिळात.

आता काही वाचक वाट बघत असतील की मी हे माणसांवर कधी आणतो. बहुसंख्याक मासे, अल्पसंख्याक मासे वगैरे. आणणार नाही. मासा स्वभाव बदलू शकत नाही, माणूस बदलू शकतो. ही उपमा आपल्यावर लावणाऱ्यांचाच त्यात फायदा असतो.

तेरनंतर हजारेक वर्षांनी याच प्रदेशावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या शेजारचं. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा मोठा संस्कृत ग्रंथ आहे, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. गळाने मासे धरण्याचा तो राजेशाही खेळ. पण राजाने काम चोख केलंय. समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे. खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे. मोठे वेगळे, लहान वेगळे. आणि कुठल्या माशाला काय चारावं तेही. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने 1951 मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते आधुनिक अभ्यासकांसमोर ठेवलं. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या दरबारात समुद्री माशांची यादी व्हावी, ही मला त्या हस्तिदंती मूर्तीइतकीच नवलाची गोष्ट वाटते. कोण काय खातो हे ज्याला कळलं, त्याला कोण कुणाबरोबर राहील हेही निम्मं कळतं. फरक एवढाच की सोमेश्वराला ते मासा पाण्याबाहेर काढायला हवं होतं.

खारं आणि गोडं, ही दोन पाणी वेगळी असल्याचं कुरआनात दोन-तीन ठिकाणी आलंय, आणि दोन्हींतून ताजं मांस मिळतं हेही. माशाच्या शरीरात या दोन पाण्यांचा हिशोब उलटा चालतो. समुद्री मासा सतत पाणी पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातला मासा पाणी बाहेर टाकतो आणि मीठ राखून ठेवतो. म्हणून रोहू समुद्रात टिकत नाही आणि क्लाउन फिश बोरी नदीत टिकत नाही. दोन्हीकडे चालणारे थोडेच. आपल्या रायगडातला जिताडा त्यांतला. खाडीतला मासा, पण लोक त्याला गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडून वाढवतात. अर्थात तोही शिकारी, तळ्यातल्या लहान माशांवरच पोसतो.

आपण मुसलमानांनी मासे पाहिले ते बहुतेक हौजात. औरंगाबादची पाणचक्की लहानपणी ज्याने पाहिली त्याला हौजातले मासे आठवतात, बाबा शाह मुसाफिरांचा दर्गा नंतर आठवतो. मशिदीच्या हौजावर वुजू करताना पाण्यात हात घातला की मासे बोटांशी यायचे आणि आम्ही पोरं वुजू लांबवायचो. मासे असलेल्या पाण्याने वुजू होते का, असं तेव्हा एकाने मौलवीसाहेबांना विचारलं होतं. होते. हनफी फिकहप्रमाणे पाण्यात जन्मून पाण्यातच राहणारा जीव त्यात मेला तरी पाणी नापाक होत नाही.

पण जीव पाळावा का, हा सवाल वेगळा. त्यावर दोन हदीस नेहमी सांगितल्या जातात. एक अबू उमैरची. हजरत अनस यांचा हा छोटा भाऊ, त्याच्याकडे एक लहान पाखरू होतं. ते मेलं तेव्हा पोरगा उदास बसला, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लाडाने त्याची आणि त्याच्या पाखराची विचारपूस केली. एवढ्याशा गोष्टीवर इब्नुल कास या शाफई आलिमाने एक पूर्ण पुस्तिका लिहिली आणि साठ मसले काढले. पाखरू पिंजऱ्यात ठेवणं जायज आहे, हा त्यांतला एक. दुसरी हदीस मांजरीची. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं. स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन पोट भरायला मोकळंही सोडलं नाही. त्यासाठी तिला अजाब झाला. यातला दुसरा भाग आपण विसरतो. टाकीतला मासा उपाशी राहिला किंवा शिकाऱ्यासमोर सापडला, तर पळून कुठे जाणार? समुद्रात त्याला वाट होती. लायन फिशने डॅमसेल खाणं समुद्रात रोजचंच आहे. चार काचांत ते आपण घडवून आणलेलं असतं. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

काचेची टाकी ही मात्र इंग्रजांची देण. 1846 मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईने किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला नेले आणि जिवंत ठेवले. त्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरची मोलकरीण रोज ते पाणी खिडकीपाशी उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची. आज पंप जे करतो ते तेव्हा त्या मोलकरणीचे हात करत होते. तिचं नाव इतिहासात नाही. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस याचं पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी गेला. लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर धावले. गॉस मोठा भाविक माणूस होता, खुदाची कारीगरी लोकांना दाखवावी म्हणून त्याने ते लिहिलं होतं. त्याच्या मुलाने, एडमंड गॉसने, 1907 मध्ये लिहिलं की बापाच्या पुस्तकांनी जी गर्दी जमवली तिने किनाऱ्यावरची ती कुंडं उजाड केली, आणि याचा बापाला फार सल होता.

हा सल आपल्याकडेही लागू आहे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक हॅचरीत तयार होतात, समुद्री मासे अजून बहुतेक समुद्रातूनच धरून आणतात. क्लाउन फिशची पैदास आपल्या देशात होते, म्हणून तो घेताना निदान विचारता येतं की हॅचरीतला आहे का. समुद्रघोडे आणि प्रवाळ 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. कुणी 'लपवून देतो' म्हणाला तर तो गुन्हा आहे, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. आपल्या राज्यातल्या पिढ्यांनी समुद्री मासे जिवंत पाहिले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं, एका पारशी दात्याच्या देणगीतून. मराठवाड्यातून मुंबईला गेलेला माणूस हाजी अली, राणीची बाग आणि तारापोरवाला पाहून यायचा. तिथेही निरनिराळे मासे निरनिराळ्या खिडक्यांत असायचे. चित्रकाराच्या पेटीतले कप्पेच ते.

आता पुन्हा हॉर्टेन्सियसकडे येतो, कारण त्याची एक गोष्ट मी राखून ठेवली होती. व्हॅरो लिहितो, हॉर्टेन्सियसला आजारी गुलामापेक्षा आजारी माशाची काळजी कमी नव्हती. गुलाम तापात थंड पाणी पितो की काय, याकडे त्याचं तेवढं लक्ष नसायचं जेवढं माशांना ताजं पाणी मिळतंय की नाही याकडे असायचं. त्याच किनाऱ्यावर पुढे वेडियस पोलियो नावाचा धनवान झाला. त्याचा एक गुलाम पोऱ्या मेजवानीत काचेचा प्याला फोडून बसला, तर त्याने त्याला वामेच्या हौजात फेकायचा हुकूम दिला. बादशहा ऑगस्टस पाहुणा म्हणून बसला होता. त्याने पोऱ्याला सोडवलं, घरातले सगळे प्याले फोडायला लावले आणि हौज बुजवायला सांगितला, असं सेनेका लिहितो.

मी हे धाराशिवमधून वाचतो तेव्हा माझं लक्ष पाण्यावर जातं. ज्या शहरात उजनीचं पाणी नळाला कधी येईल यावर घरातली कामं ठरतात, ज्याच्या शेजारच्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दोनशे लिटरचा समुद्र घरात मांडायचा? याच जिल्ह्यात नळदुर्गला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 मध्ये, मीर इमादीनने बोरी नदीवर धरण घातलं. त्याच्या पोटातला पाणीमहल आणि नर-मादीचे धबधबे बघायला आपण पावसाळ्यात जातो. लुकुलसने डोंगर फोडला तो माशांसाठी. इथे नदी अडवली ती किल्ल्यासाठी. मराठवाड्यात पाणी अडवणारा माणूस पाण्याचा हिशोब विसरू शकत नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, आधी हिशोब मांड. त्याने मांडला. पहिल्यांदा भरायला लिटरमागे 35 ग्रॅम, म्हणजे सात किलो समुद्री मीठ. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे वीस लिटर. उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारं अजून साधारण तेवढंच, आणि ते गोड्याच पाण्याने भरायचं, कारण मीठ उडून जात नाही. झाले चाळीस. बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं हवं, आणि घरचा आरओ एका लिटरमागे तीन लिटर फेकतो. एकूण एकशे साठ लिटर आठवड्याला. बहीण मागून ओरडली, "फेकलेलं पाणी मला दे, फरशीला आणि कपड्यांना लागतं." म्हणजे निव्वळ चाळीस राहिले. त्यावर वीज गेली तर चालणारा बॅटरीचा पंप, आणि मे महिन्यात पाणी थंड ठेवायची सोय, कारण पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो.

शेवटी त्याने यादी केली. हॅचरीतले दोन क्लाउन, एक गोबी, एक पिस्तूल कोळंबी. बस. चार जीव. एप्रिल-मे मध्ये टँकर लागला तर टाकी मोडून मासे दुसऱ्या शौकिनाला द्यायचे, हेही घरात आधीच ठरलं. नव्या टाकीत घाण पचवणारे जंतू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा सोडायचा नाही, हे त्याला मागच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. परवा फोन केला होता. टाकीत सध्या नुसतं खारं पाणी आणि दगड आहेत. पाचवा आठवडा चालू आहे.